नावांची ठेव

देवस्थानाच्या कचेरीत एक वही असते. अभिषेक, अन्नदान, जीर्णोद्धार अशा कारणांनी ज्यांनी द्रव्य अर्पण केले त्यांची नावे, गोत्रे आणि पत्ते तीत लिहिलेले असतात. आमचे कुळावी कोठे कोठे पांगले आहेत हे वाचकांस ठाऊकच आहे. कुलदेवता गोमंतकात, घर बेळगावास किंवा कारवारास, मुले मुंबईस वा परदेशी, अशी ही वस्ती. त्यामुळे अलीकडे त्या वहीत पत्त्यापुढे दूरध्वनीचा क्रमांक आणि ई-मेलचा पत्ताही येऊ लागला आहे. देणाऱ्याने तो दिलेला असतो तो संकल्पात नाव उच्चारले जावे, पावती मिळावी आणि प्रसाद घरपोच यावा म्हणून. हेच नाव दुसऱ्या एखाद्या चांगल्या कार्यास वापरावे काय, हा प्रश्न आम्हांस एकदा पडला होता. आणि आमचे उत्तर चुकले होते. ती चूक वाचकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या परिचयाचा एक तरुण देवळांची वास्तुरचना, दीपमाळा, जुने शिलालेख अशा विषयांवर इंटरनेटवरील आपल्या ब्लॉगात लेख लिहीत असे. महिन्यातून दोनदा एक टिपण वाचकांना ई-मेलने पाठवावे असा उपक्रम त्याने योजिला. वर्षभराच्या खटपटीनंतर दीड-दोनशे नावे जमली. लेखन कसदार होते. वाचक मात्र थोडे. ‘यादी वाढत नाही,’ ही त्याची तक्रार ऐकून आम्हांस त्याची कणव आली. एका देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचे कायदेविषयक काम तेव्हा आमच्याकडे होते आणि सुमारे दोन हजार देणगीदारांची यादी आमच्या दप्तरात होती. विषय देवळांचा, देणगीदार भाविक. मग यात वावगे ते काय? एका पदाधिकाऱ्याने मान डोलावली, एवढ्यावर आम्ही ती यादी त्या तरुणाच्या हाती ठेविली.

पुढच्या पंधरवड्यास टिपण गेले आणि चार दिवसांत एका बाईंचे पत्र आले. त्यांनी पतीच्या निधनानंतर त्याच्या नावाने देणगी दिली होती, आणि पत्ता मात्र स्वतःचा लिहिला होता. टिपणाच्या मायन्यात त्या दिवंगत गृहस्थांस नावाने संबोधून, त्यांच्या आवडीचा विषय घेऊन आलो आहोत, असे म्हटले होते. बाईंनी रागाचा एक शब्दही लिहिला नव्हता. ते नाव देवापुढे उच्चारण्यासाठी दिले होते, ते आपल्याकडे कसे आले, एवढेच त्यांनी विचारले होते. वकिलीत पुष्कळ प्रश्नांना आम्ही उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वास्तविक ते आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. 1882 सालच्या भारतीय न्यास अधिनियमाचे 51 वे कलम सांगते की, विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी किंवा न्यासाशी संबंध नसलेल्या अन्य हेतूसाठी वापरू नये. तो अधिनियम खाजगी न्यासांपुरता आहे आणि नाव ही रूढार्थाने मालमत्ता नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि त्यामागील तत्त्व व्यापक आहे. ‘अन्य हेतू’ वाईटच असला पाहिजे अशी अट त्या कलमात नाही. चांगल्या हेतूनेही ठेवीचा अपहार होतो. 2023 साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही हेच सूत्र आहे: संमती स्वेच्छेची, समजून दिलेली आणि विवक्षित हेतूपुरती असावी, आणि ती परत घेणे, देण्याइतकेच सोपे असावे.

पूर्वीच्या मासिकांना या बाबतीत परिस्थितीनेच संयम शिकविला होता. न विचारता कोणास व्ही. पी. ने अंक धाडला आणि त्याने तो नाकारला, तर अंक परत येई आणि टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. म्हणून संपादक आधी विचारीत असे. ई-मेलने हा खर्च जवळजवळ नाहीसा केला, आणि त्याबरोबर विचारण्याची सवयही. संगणकांच्या जाळ्यातून पहिले पत्र 1971 च्या सुमारास गेले. पुरती सात वर्षेही लोटली नाहीत तोच, 1978 च्या मे महिन्यात, अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न मागितलेली जाहिरात एकदम धाडली. तक्रारी तेव्हाही लगेच आल्या. साधन सुलभ झाले की मर्यादा माणसाने स्वतः घालावयाची असते. ती त्याने घातली नाही तर दुसरा कोणी घालतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल व याहू या कंपन्यांनी, मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांवर असा निर्बंध घातला आहे की, नको असलेले पत्र म्हणून होणाऱ्या तक्रारी हजारी तिनांच्या आत राहिल्या पाहिजेत आणि यादीतून नाव काढण्याची सोय एका कळीसरशी झाली पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. देवळातील घंटा कोणाची अनुमती घेऊन वाजते? चांगली गोष्ट ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्यापर्यंत ती न विचारता पोहोचवू नये, तर पोहोचावी कशी? आक्षेप वजनदार आहे. परंतु घंटा साऱ्या गावासाठी वाजते. ती कोणाचे नाव घेऊन त्याच्या माजघरात शिरत नाही. सभामंडपात कीर्तन चालू असता वाटसरू आत येतो, रुचले तर बसतो, न रुचले तर उठून जातो. ब्लॉग हा असा सभामंडप आहे. पत्र मात्र दुसऱ्याच्या घरात जाते, आणि घराला उंबरठा असतो. दवंडी पिटण्यास कोणाची ना नाही. उंबरठा ओलांडण्यास बोलावणे हवे.

त्या तरुणाने ती दोन हजार नावे पुसून टाकली. क्षमा मागण्यासाठी पुन्हा पत्र धाडावे, तर तेही न बोलावलेलेच! अखेर नाव कोठून मिळाले व कोणाच्या चुकीने मिळाले हे सांगणारे एकच पत्र सर्वांस गेले, आणि त्यावर सही आमची होती. देवस्थानाच्या समितीपुढेही आम्ही हकीकत ठेविली.

यादी पुन्हा दीड-दोनशेवर आली. मग त्याने वेगळी रीत धरली. प्रत्येक लेखाच्या शेवटी, काय पाठविणार, कितीदा पाठविणार आणि नाव कसे काढता येईल, हे तीन वाक्यांत लिहिले. कोणी नाव नोंदविले की ते त्यानेच नोंदविले आहे अशी उलट खात्री येईपर्यंत एकही टिपण जात नाही. व्याख्यानास गेला की दाराशी कोरी वही ठेवितो. लिहावयाचे तो लिहितो. टिपण आवडले तर एखाद्या स्नेह्यास दाखवा, एवढीच वाचकांस विनंती. वर्षभर ज्याने एकही टिपण उघडले नाही त्यास तो विचारतो, आणि उत्तर न आल्यास नाव गाळतो.

यादी वाढते आहे, पण सावकाश. त्या दोन हजारांच्या निम्म्यावरही ती अद्याप गेलेली नाही. मात्र त्याला उत्तरे येतात. कोणी आपल्या गावच्या दीपमाळेचे छायाचित्र धाडतो, कोणी शिलालेखाच्या वाचनातील चूक दाखवितो. दोन हजारांच्या यादीवरून त्याला एकच पत्र आले होते, आणि ते आम्ही वर सांगितले आहे.

त्या बाईंचे किंवा त्यांच्या यजमानांचे नाव आज त्या यादीत नाही. देवस्थानाच्या वहीत आहे, जेथे त्यांनी ते ठेविले होते.