व्हिजिटचे पैसे की महिन्याचा पगार?



आजारी आणि वृद्ध माणसांची घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर (इथे धर्मभगिनी नव्हे, परिचारिका!) आपल्या धर्मग्रामात आता अनोळखी नाहीत. कुणी महिन्याच्या ठरावाने बारा तासांची ड्युटी करते, कुणाला व्हिजिटप्रमाणे पैसे मिळतात. एक ड्रेसिंग, एक इंजेक्शन, कॅथेटर बदलला, की झाला हिशेब. यातली न्याय्य पद्धत कोणती?

व्हिजिटची पद्धत सरसकट वाईट, असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोनदाच ड्रेसिंग लागत असेल, तर पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याने पूर्ण पगार कुठून द्यावा? शाळकरी मुले सांभाळून काम करणाऱ्या आईलाही ही मोकळीक बरी वाटते. पगारदार माणूस कधी कधी घड्याळाकडे पाहून काम करतो, हेही खरेच. पण व्हिजिटवाल्या सिस्टरलाही घड्याळ सुटलेले नाही. नालासोपाऱ्याहून लोकलने बोरिवलीला येण्यात आणि रिक्षाच्या रांगेत गेलेल्या वेळाचे तिला काहीच मिळत नाही. एखाद्या आजीने हात धरून "बस गं जरा" म्हटले, तर ती दहा मिनिटे तिच्याच पदरची. पेशंटला रात्री इस्पितळात हलवले असेल, तर सकाळची फेरी फुकट. आजारपण आपल्या घरचे, खाडा मात्र तिच्या नावावर!

सरकारी कामातही हा प्रश्न आहेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू खूप घटले. त्याच धर्तीवर 2011 मध्ये हे काम देशभर आशाताईंकडे आले. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे 42 दिवसांत सहा भेटी द्यायच्या आणि त्या साऱ्यांचे मिळून 250 रुपये. वजनाची नोंद, लस, जन्मनोंदणी अशा अटी होत्या. शिवाय बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ सुखरूप असावे, हीही एक अट त्या वेळी घातली होती. विसाव्या दिवशी बाळ दगावले तर? भेटी झालेल्या असतात. किंबहुना सर्वांत जास्त धावपळ त्याच घरी झालेली असते. पुढे 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा कामागणिक पैशांपेक्षा महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर त्यांचा भर का होता, हे यावरून कळते.

पवित्र शास्त्रात द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. तो स्वर्गराज्याच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या दरपत्रकाविषयी नाही, हे मान्य. तरी दिवस मावळेपर्यंत बाजारात उभे असलेले ते मजूर आळशी नव्हते. त्यांना कुणी कामावर लावलेच नव्हते. मालकाने तो रिकामा वेळ त्यांच्या माथी मारला नाही. संध्याकाळी त्यांच्याही घरी चूल पेटायची होती. मला मात्र या विषयात चांगल्या शोमरोन्याचा व्यवहार अधिक उपयोगाचा वाटतो. जखमी माणसाला उतारशाळेत ठेवून निघताना त्याने दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आधीच हातावर ठेवली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असा शब्द दिला. आधी ठरावीक रक्कम, वरचा हिशेब नंतर. उतारशाळेवाल्याला एकेका पट्टीचे पैसे मोजत बसावे लागले नाही.

दोघांनी राजीखुशीने दर ठरवला म्हणजे न्याय झाला, असे ख्रिस्तसभा मानत नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले, की कामगाराचा साधेपणाने निर्वाह होईल इतके वेतन, ही कराराच्याही वरची अट आहे. गरजेपोटी माणूस कमी पैशांनाही 'हो' म्हणतो.

म्हणून व्हिजिटवरच सिस्टर बोलवायची असेल, तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. महिन्यात निदान इतक्या व्हिजिटचे पैसे नक्की, असे सुरुवातीलाच ठरवता येते. आयत्या वेळी फेरी रद्द झाली तर तिचे पैसे द्यावेत. ब्यूरोमार्फत बोलावली असेल, तर आपण देतो त्यातले तिच्या हाती किती पडते, हे विचारायला संकोच कशाला? एकाच सोसायटीत तीन-चार घरी पेशंट असतील, तर त्या घरांनी मिळून एकीला महिन्याचा पगार देणे कठीण नाही. तिची धावपळ वाचेल आणि आजीजवळ दहा मिनिटे बसणे तिला परवडेल. आपापल्या विभागातल्या समूहाच्या पुढच्या बैठकीत अशी घरे कोणती, याची यादी करायला हरकत नसावी.