सात वार आणि अनेक वर्षे



परीक्षिती राजाची कथा आपण सप्ताहात ऐकतो. तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी देह पडणार, हे त्याला कळले. राज्यभार जनमेजयावर सोपवून तो गंगातीरी बसला आणि शुकमुनींच्या मुखातून भागवत ऐकता ऐकता त्याचे भय मावळले. त्याचे धैर्य थोर खरे. परंतु त्याला मुदत ठाऊक होती. ज्याला मुदतच सांगितली जात नाही, त्याने काय करावे? राज्य सोडावे, की चालवावे?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. फुफ्फुसांचा एक विरळा विकार आहे. वैद्यक त्याला ‘डिपनेच’ या संक्षिप्त नावाने ओळखते. १९९२ साली सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. श्वासनलिकांच्या अस्तरात संप्रेरके निर्माण करणाऱ्या काही पेशी असतात. त्या कारण न कळता वाढू लागतात. त्यांचा पुंजका ५ मिलिमीटरहून लहान असतो तोवर त्याला सूक्ष्म गाठ समजतात. तेवढा किंवा त्याहून मोठा झाला की त्याला ‘कार्सिनॉइड’ हे अर्बुदाचे नाव मिळते. बहुधा मध्यम वय ओलांडलेल्या, कधी धूम्रपान न केलेल्या स्त्रियांना हा विकार जडतो. कोरडा खोकला आणि धाप यांना वर्षानुवर्षे दमा समजले जाते. मग एके दिवशी सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेल्या गाठी दिसतात. त्या अनेक असल्याने सगळ्या कापून काढता येत नाहीत. मात्र बहुतेकांत फार संथ वाढतात. काहींचा खोकला औषधाने शमतो. ठरावीक काळाने तपासणी होते, आणि संसार चालू राहतो.

अशा भगिनीला आपण काय देतो? कोणी म्हणतो, ‘पूर्वजन्मीचे भोग!’ हा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कर्माचा सिद्धांत स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुखण्यावर निकाल देण्यासाठी नव्हे. कोणी तिला मरणोन्मुख मानून हळदीकुंकवाचे बोलावणे टाळते. कोणी ‘दिसते तर धडधाकट’ म्हणून तिच्या धापेला आळस ठरविते. दोन्ही अन्यायच. कीर्तनात तिला खोकल्याची उबळ आली तर मागे वळून पाहू नका. दाराजवळ वाऱ्याची जागा करून द्या.

आणि भगिनींनो, तुमच्या वाटेतही दोन खाचखळगे आहेत. पुढील तपासणीच्या भयाने आजचा दिवस जाळणे हा एक. ‘इतकी वर्षे काही वाढले नाही’ म्हणून तपासणीच सोडणे हा दुसरा. नवस अवश्य करा, पण औषध थांबवून नव्हे. देव आणि वैद्य यांत वैर नाही.

मुदतीचेच म्हणाल, तर आपण सर्वांचे मरण सातांपैकीच कोणत्या तरी वारी येणार. आपण ते विसरतो, तुम्हांला विसरता येत नाही, एवढाच भेद. म्हणून श्रवण परीक्षितीचे घ्यावे आणि राज्य जनकाचे चालवावे. जनकाने सिंहासन सोडले नाही, आसक्ती सोडली. तुमचे राज्य म्हणजे तुळशीपुढचा दिवा, नातवंडांचा अभ्यास, वेळेवर घेतलेली गोळी. ते आज सांभाळले, तर आजचे श्रवण झाले.

तुमच्या श्वासाला बळ आणि आम्हांला तुमच्या पावलाशी पाऊल जुळविण्याचा धीर लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.