कढई आणि छप्पर

डेन्मार्कच्या उत्तरेला, कॅटेगटच्या समुद्रात लेसो नावाचं बेट आहे. फ्रेडरिक्सहाव्हन बंदरातून बोटीनं दीड तासाची वाट. बेटाच्या दक्षिणेला सपाट कुरणं आहेत. वादळात समुद्र त्यांच्यावर चढतो, उन्हाळ्यात पाणी आटतं आणि वाळूखाली समुद्राहूनही कितीतरी खारट पाणी साचून राहतं. आपल्या पेण-उरणच्या मिठागरात असं पाणी उन्हात आटवून मीठ पिकवतात. लेसोचं ऊन तेवढं तापत नाही. तिथं मीठ हवं तर पाणी उकळावं लागतं, आणि उकळायचं तर लाकूड लागतं.

त्या बेटावर पूर्वी एक मीठवाला होता. खाली भट्टी, वर भली मोठी लोखंडी कढई. मासे आणि मांस टिकवायला सगळ्यांनाच मीठ लागे, त्यामुळे भाव चांगला मिळे. एका कढईच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.

बायको म्हणे, "वाऱ्याच्या तोंडची झाडं तरी राहू द्या."

तो म्हणे, "रान केवढं मोठं आहे! माझ्या भट्टीनं काय सरतंय?"

शेजारच्या झोपडीतला मीठवालाही हेच म्हणत होता. त्याच्या पलीकडचाही.

रान सरलं. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी झाली. आधी ती शेतात आली, मग अंगणात, मग जेवणाच्या ताटात. 1652 साली मीठ उकळण्यावर बंदी आली, पण तोवर जाळायला फारसं उरलंच नव्हतं. मीठवाल्याकडे पैसा होता. गळकं छप्पर सावरायला एक वासा मिळेना.

ते गळकं घर नातीच्या वाट्याला आलं. तिचा नवरा दर्यावर्दी, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर. ती रोज किनारा धुंडाळायची. फुटलेल्या जहाजाचा एखादा वासा लाटांवर आला की ओढत घरी न्यायची. वादळानंतर किनाऱ्यावर समुद्री गवताचे ढीग साचत. लोक ते पायानं बाजूला सारून पुढं जात. एकदा वाळलेली एक जुडी तिनं हातात घेतली. बरेच दिवस पडून होती, तरी कुजलेली नव्हती, कीड लागलेली नव्हती. तिनं एक पात जिभेला लावली. खारट. आजोबांनी ज्या मिठापायी रान जाळलं, ते मीठ समुद्रानं गवतात मुरवून दारात आणून टाकलं होतं.

एकटीचं ते काम नव्हतं. तिनं गावातल्या बायकांना हाक दिली. कोणी गवत शेतात पसरून वाळवलं, कोणी पीळ घालायला बसलं. पोरीची वेणी घालावी तसे जाडजूड दोर वळले गेले. वळचणीकडच्या रिपांना ते घट्ट बांधले आणि त्यांच्यावर गवताचे भारे टाकून पायांनी तुडवले. छप्पर मीटरभर जाड झालं. दुसऱ्या आठवड्यात साऱ्या जणी पुढच्या घरावर चढल्या.

मुलगी मोठी झाली तेव्हा आईनं तिला एवढंच शिकवलं, "समुद्र जेवढं आणून टाकतो, तेवढंच उचलायचं. आत उतरून उपटायचं नाही."

तशी छपरं दोन-तीनशे वर्षं टिकली. 1930च्या दशकात रोग पडून समुद्रातलं गवतच मेलं, डागडुजी थांबली, आणि आता वीसच्या आसपास छपरं उरली आहेत. ती पाहायला लोक दुरून येतात, तिथले झिंगे चवीनं खातात. गेल्या शतकाच्या अखेरीस मिठाची भट्टीही पुन्हा पेटली. तीही पाहून जातात.

असाच एक पाहुणा भट्टीच्या झोपडीत शिरला. आत वाफ दाटली होती. एक बाई फावड्यानं कढईतलं ओलं मीठ काढून वेताच्या टोपलीत भरत होती. मिठाची चव पाहून तो खूश झाला.

"एवढं मीठ मला पुरायचं नाही. भट्टीत आणखी लाकडं घाला की!"

बाईनं दार उघडलं. समोर लावलेली झाडं वाऱ्यात उभी होती, आणि त्यांच्या आडोशाला एक करडं, गवताचं छप्पर.

"आजची लाकडं झाली," ती म्हणाली. "उद्या या."

टोपलीतून खारं पाणी थेंबाथेंबानं कढईत परत पडत होतं.