तंबूतले अश्रू

पडद्यावरचे दुःख पाहून रडणारा माणूस त्यामुळे चांगला ठरतो का? जिनिव्हाच्या रूसो या विचारवंताने 1758 साली नाटकगृहांविरुद्ध एक प्रदीर्घ पत्र लिहिले, त्यात त्याचे उत्तर जवळजवळ नकाराचे आहे. कल्पित दुःखावर चार आसवे गाळली की माणुसकीचे देणे फिटले असे प्रेक्षकाला वाटते, असे तो म्हणतो. दाखला देतो फेरे नगरीच्या अलेक्झांडर या जुलमी ग्रीक राजाचा. (जगज्जेता अलेक्झांडर वेगळा.) रोज माणसे मारणारा हा राजा नाटकात आपल्याला रडू फुटलेले लोक पाहतील म्हणून धास्तावे.

रूसोचे म्हणणे मला अर्धेच पटते. राजूर हे वणीजवळचे कोळसा खाणीचे गाव. अशा गावच्या लोकांचा सिनेमा म्हणजे जत्रेतली टुरिंग टॉकीज. ताडपत्रीचा तंबू, बसायला जमीन, एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. प्रोजेक्टर एकच असला की रीळ बदलताना पडदा कोरा होई आणि बत्ती लागे. त्या दोन मिनिटांत कोणाचे डोळे ओले आहेत ते शेजारच्याला दिसे. शहरातल्या थिएटरात शेजारचा अनोळखी; इथे तो उद्या बांधावर किंवा दुकानात भेटणारच.

मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' (1957) घ्या. पाचशे रुपयांच्या कर्जापायी राधाच्या घरचे तीन चतुर्थांश पीक दरसाल सुखीलालाच्या घशात जाते. हीच गोष्ट त्यांनी आधी 'औरत'मध्ये (1940) सांगितली होती, आणि दोन्हींत सावकार झाले कन्हैयालालच. ज्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तिथे हा सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक कशी असेल? त्या तंबूत कर्जदार बसे, तसा सावकारही बसे. राधा चिखलात राबताना दोघेही रडत. म्हणून सकाळी सावकाराने व्याज सोडले असेल? मुळीच नाही. तिथवर रूसो बरोबर आहे. पण त्याचे रडणे कर्जदाराने पाहिलेले असे. दयामाया मला कळत नाही, असे म्हणायची सोय त्याला उरत नसे.

आमच्या बुजुर्गांना सिनेमा नापसंत होता. तो हराम आहे असे बजावणारे व्याजाच्या हरामाबद्दल मात्र कुजबुजत, कारण व्याज देणारे-घेणारे दोन्ही ओळखीचे असत. सिनेमाने निदान तो विषय मोठ्या आवाजात काढला.

तंबू आता विरळ झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. 'मदर इंडिया' आजही बघता येतो, मोबाइलवर, कानात तार घालून. बघणारा कुठे रडला, ते घरच्यांनाही कळत नाही.