नसण्याचा पुरावा

एखादी गोष्ट आहे हे दाखवायला ती एकदा दिसली तरी पुरते. ती नाही हे कशावरून ठरवायचे? आपल्याकडच्या दार्शनिकांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला. मीमांसक कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे प्रत्यक्ष आणि अनुमान यांहून वेगळे प्रमाण मानले, नैयायिकांनी ते ज्ञान प्रत्यक्षातच बसवले, तर प्रभाकरांनी अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला. पण भाट्टांना आणि नैयायिकांना एक अट सारखीच मान्य होती. नुसते न दिसणे पुरत नाही, ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. अंधारात तो दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. आणि पिशाच मुळात दिसण्याजोगेच नाही, म्हणून त्याचे न दिसणे कुठल्याच बाजूचा पुरावा होत नाही.

एखादी जीवजात संपली का, हे ठरवतानाही हाच प्रश्न उभा राहतो. आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून जीवजातींची लाल यादी ठेवते. सुरुवातीची तीस वर्षे कुठली जात कुठल्या गटात टाकायची हे बरेचसे जाणकारांच्या अंदाजावर चाले; १९९४ साली आकड्यांचे निकष आले. प्रजननक्षम प्राणी ५० पेक्षा कमी उरले की जात अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा त्यात, संख्या ८० टक्के घटली तरीही अतिसंकटग्रस्त. ५० च्या जागी ६० का नको, याला निसर्गाकडे उत्तर नाही. रेघ कुठेतरी ओढावी लागते, एवढेच. 'नामशेष' या शेवटच्या कप्प्यापाशी आकडे थांबतात. तिथली अट अशी, की शेवटचा प्राणी मेला याबद्दल रास्त शंका उरता कामा नये. आणि त्यासाठी ज्ञात व संभाव्य अधिवासात, दिवसाच्या व वर्षाच्या योग्य वेळी, त्या जातीच्या जीवनक्रमाला साजेल इतका काळ कसून शोध झालेला असावा. ही अट लिहिणाऱ्यांनी मीमांसा वाचली असेल असे वाटत नाही, पण पोहोचले ते त्याच जागी. 'नामशेष' हे वरवर प्राण्याविषयीचे विधान दिसते; त्याचा निम्मा भार आपल्या शोधावर असतो.

रानपिंगळ्याची कथा या अटीचे मोल दाखवते. १८७३ साली पक्षीतज्ज्ञ ह्यूमने या घुबडाचे वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर खात्रीलायक नोंदच थांबली. मध्ये १९१४ सालचा, गुजरातेत तापीकाठी मिळाल्याचे लेबल असलेला एक नमुना होता. त्या पत्त्यावर पुढे शोध घेतले गेले आणि फुकट गेले, कारण तो नमुना इंग्रज पक्षीसंग्राहक रिचर्ड मायनर्त्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून खोट्या लेबलाने आपल्या नावावर खपवला होता. शब्द प्रमाण मानायचा तर सांगणारा आप्त, म्हणजे भरवशाचा, असावा लागतो, ही जुनी अट इथे साहेबाच्या हस्ताक्षराला लावायची राहून गेली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गेले आणि पक्षी दिसला, तोही दिवसाउजेडी. रानपिंगळा दिवसा वावरतो. सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हात बसून शेपटी झटक्याने इकडेतिकडे हलवतो. घुबड म्हणून त्याला रात्री शोधत राहणे म्हणजे चुकीच्या वेळी पाहणे. शिवाय साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. एवढा फरक डोळ्यांना ठाऊक नसेल तर तो समोर बसूनही 'न दिसलेला' राहतो. पुढे तो मेळघाटात आढळला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या परिसरातही आढळला, आणि २०१८ मध्ये त्याची श्रेणी अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त अशी एक पायरी सौम्य झाली. १८८४ ते १९९७ या ११३ वर्षांत उणीव होती ती पाहण्याच्या योग्यतेची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. संकटग्रस्त ठरवताना हीच यादी अपुऱ्या पुराव्यावरही सावध राहायला सांगते, नामशेष ठरवताना मात्र पुराव्याचा डोंगर मागते. परिणाम पाहून प्रमाणाची कसोटी बदलणे याला सोय म्हणतात, सत्यशोधन नव्हे. सोयीचा भाग आहे, हे कबूल करायला हवे. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर जंगल संपले म्हणून तिथला एक फुलटोच्याही संपला असे धरले गेले. १९९२ मध्ये तो सापडला, पण तोवर उरल्यासुरल्या झाडीची फिकीर कोणी केली नव्हती. पक्षी-अभ्यासक नायजेल कॉलर यांनी याला 'रोमिओची चूक' म्हटले: प्रेयसी मेली असे समजून घाईने स्वतःचाही शेवट करणे. पण कसोटीतला फरक केवळ दयेपोटी आलेला नाही. संकटग्रस्त म्हणणे हे आजच्या खुणांवरून उद्याविषयी केलेले अनुमान आहे. नामशेष म्हणणे हा अभावाचा दावा आहे. 'आहे'ला एक पक्षी पुरतो, 'नाही'ला अख्खा सातपुडा पालथा घालावा लागतो. ही विषमता विषयातच आहे.

मग कुठलीच जात कधी गेली असे म्हणता येणार नाही का? येईल. भारतातला चित्ता घ्या. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मोकळ्या माळावर दिवसा शिकार करणारा एवढा मोठा प्राणी कोणाच्या नजरेस न पडता राहिला असता, हे शक्य नव्हते. याउलट हिमालयीन लावा १८७६ नंतर खात्रीने कोणी पाहिलेला नाही, तरी तो अजून अतिसंकटग्रस्तच गणला जातो, कारण उभ्या उतारावरच्या उंच गवतात तो माणसाच्या पायाखाली येईपर्यंत उडत नसे. अशा जाती ताटकळत ठेवल्याने विनाशाचा खरा हिशेब कमी दिसतो, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच काहींपुढे 'बहुधा नामशेष' अशी खूण करतात. ती तडजोड मला पटते. खरी अडचण सह्याद्रीतल्या देवगांडुळांसारख्या बिनपायांच्या उभयचरांची आहे. ही मातीखाली राहतात, आणि त्यांतल्या अनेक जाती 'माहिती अपुरी' या कप्प्यात पडून आहेत. हा कप्पा आळसाचा वाटतो, पण तोच सगळ्यांत प्रामाणिक आहे, जोवर कोणी त्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावत नाही. भर पावसाळ्यात, ओली माती उकरून आणि दगड उलथून पाहिल्याखेरीज तो अर्थ लावण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही.