पुरावा कुणाला हवा आहे?

‘अजून काही सिद्ध झालेलं नाही.’ फुफ्फुसातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. या आठवड्यात ते ऐकलं आदिलाबादेत, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत. थंडी कडाक्याची, शेकोटीत युरियाची रिकामी पोती. पोतं आधी आक्रसतं, मग त्याचे जळते थेंब गळतात, आणि काळा धूर थेट गाडीत झोपलेल्या माणसांवर जातो. शेजारी प्लास्टिकच्या पातळ पिशवीत बांधून आणलेला उकळता चहा होताच.

वाक्य शेतकऱ्याचं नव्हतं. ते ऐकवलं शिकल्यासवरल्या व्यापाऱ्यानं, म्हणून जास्त राग आला. कापसात पोत्याचा धागा निघाला तर हाच माणूस भाव पाडतो. त्या धाग्यावर रंग चढत नाही, कापडात डाग दिसतो, हे त्याला पाठ आहे. तिथं एक धागा पुरतो. माणसाच्या छातीसाठी मात्र त्याला जगभराचं संशोधन पूर्ण व्हायला हवं आहे.

संशोधन चालूच आहे. इंग्लंडच्या हल यॉर्क मेडिकल स्कूलनं 2022 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले फुफ्फुसाचे 13 नमुने तपासले. 11 मध्ये प्लास्टिकचे कण निघाले, अगदी खालच्या भागातसुद्धा. सर्वांत जास्त कण पॉलिप्रॉपिलीनचे. युरियाची पोती त्याचीही विणतात. एवढ्याशा कणांनी किती अपाय होतो, हे ठरायचं आहे, मान्य. पण अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंची धूळ ओढणाऱ्या कामगारांना फुफ्फुसाचा आजार जडल्याचं 1990 च्या दशकातच नोंदलं गेलं. आणि जळत्या प्लास्टिकचा धूर विषारी आहे, यात तर शंकेला जागाच नाही. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश 2016 पासून आहे.

‘सगळेच जाळतात’ याला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. ‘थंडी वाजते’ हे मात्र खरं आहे. रात्र उघड्यावर काढणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. हाताशी असेल ते तो पेटवणार. ज्या व्यापाऱ्यांसाठी तो ताटकळतो, त्यांनी सरपण द्यावं, आणि चहा पेल्यात द्यावा. एका गाडीवर कटती म्हणून जेवढं कापतात, तेवढ्यात रात्रभराची लाकडं येतात.