देवाला खोट्या साक्षीची गरज नाही

सज्जनहो, नरदेह दुर्लभ आहे, हे संतांनी आपल्याला किती वेळा सांगितले! पण हा देह घडला कसा, ह्यावरून जगात मोठा वाद चालत आला आहे. डार्विन नावाच्या इंग्रज पंडिताने १८५९ साली ग्रंथ लिहून सांगितले की, जीवांच्या जाती पिढ्यान् पिढ्या हळूहळू पालटत जातात. माणूस आणि वानर ह्यांचे मूळ पूर्वज एकच, हे त्याच विचारातून पुढे आले. आजच्या वानराचा माणूस झाला असे हे मत नव्हे. दोघे एकाच जुन्या बुंध्याच्या फांद्या, एवढेच त्याचे म्हणणे.

हा वाद आपल्या दाराशीही आला. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातील राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचे मत चुकीचे आहे. वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ह्या बोलण्याला हरकत घेतली.

आता पाहा, “कोणी पाहिले?” हा प्रश्न ऐकायला मोठा बिनतोड वाटतो. पण अहो, सकाळी अंगण ओले दिसले तर रात्री पाऊस झाला असे आपण म्हणतोच ना? पाऊस पडताना आपण झोपेत होतो, म्हणून तो पडलाच नाही असे कोण म्हणेल? खुणेवरून जाणणे ह्याला आपले शास्त्रकार अनुमान म्हणतात, आणि धूर पाहून अग्नी ओळखावा हा दृष्टान्त तर सर्वांच्या तोंडी आहे.

तशी एक खूण आपल्या देहातच आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला ह्यांच्या २४. मग एक जोडी गेली कोठे? शोधकांनी पाहिले, तर आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लागून झालेले आढळले. गुणसूत्राच्या टोकाशी जी खूण असायची, ती ह्याच्या मध्यावर सापडते. पताकेच्या दोन दोऱ्या जोडल्या तर मधली गाठ लपत नाही, तसेच हे झाले.

ही गोष्ट २००५ साली अमेरिकेतील एका न्यायालयात केनेथ मिलर ह्या प्राध्यापकांनी समजावून सांगितली. खटला होता डोव्हर गावच्या शाळेचा. तेथील शाळामंडळाने आदल्या वर्षी ठराव केला की, नववीच्या मुलांना डार्विनच्या मताविषयी शंका घेणारे निवेदन वाचून दाखवावे, आणि कोणा बुद्धिमान कर्त्याने जीवसृष्टी रचली असे सांगणाऱ्या पुस्तकाकडे त्यांना वळवावे. अकरा पालक न्यायालयात गेले. मिलर हे त्या पालकांचे साक्षीदार. आणि हे गृहस्थ नास्तिक नव्हेत बरं का! ते श्रद्धावान कॅथलिक ख्रिस्ती. खरे ते सांगितल्याने आपला देव उणा होतो असे त्यांना वाटले नाही.

उलट बाजूचे काय झाले? ती पुस्तके शाळेत आली ती चर्चमध्ये जमवलेल्या पैशातून. पण पैसा कोठून आला हे विचारल्यावर खरे सांगितले गेले नाही. २० डिसेंबर २००५ रोजी निकाल मंडळाच्या विरुद्ध लागला. आपल्या धर्मनिष्ठेचा चारचौघांत अभिमान मिरवणारे काही सभासद हेतू झाकण्यासाठी वारंवार खोटे बोलले, असे न्यायाधीशांनी त्यात स्पष्ट नमूद केले. देवाला राखायला निघाले आणि सत्य सोडून बसले! सत्य गेल्यावर मागे उरलेला देव कोणता?

येथे कोणी भाविक म्हणेल, “महाराज, आमच्या दशावतारांत मत्स्य आधी, मग कूर्म, मग वराह, म्हणजे हे शास्त्र आमच्याकडे होतेच.” बाबांनो, ह्या मोहातही पडू नये. अवतार झाला तो भक्तांसाठी. प्राण्यांच्या हाडांचा हिशेब सांगण्यासाठी नव्हे. आज विज्ञानाचा दाखला घेऊन श्रद्धा उभी कराल, तर उद्या विज्ञानाने मत सुधारल्यावर ती श्रद्धा कोठे ठेवाल? आणि दुसऱ्या बाजूने, देहाची घडण कळली म्हणून देव नाहीच असे जो ठासून सांगतो, तोही पुराव्याच्या पलीकडे बोलतो. गुणसूत्र मोजून कारुण्य मोजता येत नाही.

मग वानराशी नाते निघाले तर आपला अपमान होतो काय? अहो, आपल्या गावात वेशीवर मारुतीराय उभे आहेत. त्यांना शेंदूर लावून नमस्कार करणाऱ्याने वानराच्या नात्याची लाज धरावी, हे नवलच!

ज्या जिल्ह्यात ते भाषण झाले, त्याच जिल्ह्यात आपले पैठण आहे. तेथेच ज्ञानोबारायांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले असे आपण सांगतो. पैठणच्याच नाथमहाराजांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. नाथांनी त्या गाढवाची वंशावळ विचारली नाही, जीव ओळखला. जीवमात्र एका कुळीचे हे शास्त्रज्ञ आज खुणांवरून सांगतात. संतांनी ते नाते आचरून दाखविले. त्यांचे ते ज्ञान, आपली ही भक्ती. दोघांची वाट निराळी, म्हणून वैर कशाला?

तेव्हा मायबापहो, तुमचा मुलगा शाळेतून हे शिकून आला, तर त्याच्यावर रागावू नका, त्याला पाखंडी म्हणू नका. त्याला म्हणावे, “बाळा, नीट शीक, पुरावा पाहा आणि खरे बोल.” आणि एकादशीला त्याचा हात धरून कीर्तनाला न्यावे. खऱ्याला भिणारी श्रद्धा पंढरीची वाट कशी चालेल? आपला विठोबा विटेवर अठ्ठावीस युगे उभा आहे असे आपण म्हणतो. तो प्रश्नांनी हलणारा नव्हे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!